आजीचं तेरावं, भाचीचं बारसं आणि मधली कागदपत्रं

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या भाद्रपदात, गणपतीला म्हणून आठ दिवसांची रजा टाकून देवगड तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. त्याच मुक्कामात आजी गेली आणि धाकट्या बहिणीला मुलगी झाली. नंतर दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं की मृत्यूची नोंद कुठे करायची, सुतकात बाळाचं काय केलंत, वारस नोंदीला किती वेळ लागला. प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा घडलं तसं एकदा लिहून टाकते. रीतीभाती आमच्या घरच्या आहेत, तुमच्याकडे वेगळ्या असतील. कागदपत्रं मात्र सगळीकडे साधारण हीच लागतात.

आजी जूनमध्ये न्हाणीघरात पडली आणि मग उठलीच नाही. खुबा मोडला होता. वय आणि हृदय बघता शस्त्रक्रिया नको, असं डॉक्टर म्हणाले. बाबा निवृत्तीनंतर गावीच असतात, त्यामुळे तिचं सगळं आई-बाबांनी केलं. त्यात धाकटी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, तारीख सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली. आई फोनवर म्हणायची, "एका खोलीत एकीचं पाणी तापवते, दुसऱ्या खोलीत दुसरीचं."

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं. २३ ऑगस्टच्या गाडीसाठी मी आणि नवरा दोघंही जूनमध्ये सकाळी आठला मोबाइल घेऊन बसलो होतो, तरी प्रतीक्षायादीच पदरी पडली. शेवटी गणपती स्पेशलचं जादा तिकीट मिळालं आणि नांदगाव रोडला पहाटे उतरलो. तिथून रिक्षा.

घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली, जी मुंबईत बसून कळली नसती. आमच्या भावकीची चौदा घरं आहेत. आजी जायची वेळ आलीय हे वाडीत सगळ्यांना दिसत होतं आणि ती चतुर्थीच्या आधी गेली, तर चौदाही घरांत गणपती बसणार नाही, हेही सगळ्यांच्या डोक्यात होतं. तोंडाने कोणी बोलत नव्हतं. पण "म्हातारी कशी आसा?" या रोजच्या प्रश्नात त्या आठवड्यात निराळीच धार होती. मला आधी राग आला. मग शेजारच्या काकीकडे गेले, तर तिचा मुलगा दोन वर्षांनी आखातातून आला होता, नव्या सुनेचा गौरीचा पहिला ओवसा, म्हणजे सुपातून गौरीला वाण द्यायची रीत, होता, सुपं आणून ठेवलेली, सुनेचं माहेरही येणार होतं. मग राग टिकला नाही.

चतुर्थी बुधवारी, २७ तारखेला. सकाळी माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना आजीने खाटेवरून हाक मारली, "माका भायर नेवन बसवा. गणपती बघूचो आसा." चौघांनी खुर्चीसकट उचलून ओटीवर आणली. माटवीला नारळ, सुपारीचे घड, तवसं, कवंडळं बांधून झाली होती. तिने वर नजर टाकली आणि भावाला म्हणाली, "शेरवड खंय?" रानातून आणायची ही वनस्पती तो विसरला होता. पावसात परत जाऊन आणली, तेव्हा कुठे ती आत जायला तयार झाली. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा एक चमचा रस आणि खिरीचं बोट, एवढंच तिने त्या दिवशी घेतलं.

शुक्रवारी, २९ तारखेला रात्री भजनी मंडळ येऊन गेलं, चहा झाला, मुलं झोपली. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आजी गेली. धाकटी तिच्याजवळच होती, तिनेच घड्याळ बघितलं.

त्यानंतरचा तासभर मी अजून विसरलेले नाही. भावकीतले दोघे वडीलधारे आले. त्यातले एक बाबांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "आता बारा वाजाक इले. सकाळी कळवया. सकाळची पूजा, नैवेद्य होवंदे सगळ्यांचो." सुतक कळल्यापासून लागतं, हा हिशेब. माणूस वाईट नव्हता. चौदा घरांचं बघत होता. बाबा ओटीच्या पायरीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "रात्री गेली, ता रात्रीच सांगूक होयी." आणि भावाला बॅटरी देऊन घरोघर पाठवलं.

हे मी सविस्तर लिहितेय, कारण त्या वेळी दोन मिनिटांच्या सोयीसाठी वेळ किंवा तारीख इकडेतिकडे करायचा मोह होतो, आणि ती तारीख पुढे फार ठिकाणी जाते. डॉक्टरांच्या दाखल्यावर, ग्रामपंचायतीत, बँकेत, तलाठ्याकडे. शिवाय तिथीचा प्रश्न वेगळाच. त्या दिवशी पंचांगात षष्ठी होती, पण रात्री आठनंतर सप्तमी लागली होती. भटजींनी फोनवर पहिला प्रश्न वेळेचाच विचारला. घरात आजारी माणूस असेल तर शेवटची वेळ कोणीतरी कागदावर लिहून ठेवा. रडारडीत नंतर कोणालाच नक्की आठवत नाही.

जूनपासून आजीला बघणारे डॉक्टर शेजारच्या गावात राहतात. ते साडेबाराच्या सुमारास आले, तपासलं आणि सकाळी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र दिलं. घरी झालेल्या मृत्यूसाठी हा नमुना ४-अ असतो, रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४. याचे पैसे घेत नाहीत. आजारपणात ज्यांचा इलाज चालू होता त्यांनीच हे द्यायचं असतं, म्हणून घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर एक डॉक्टर ठरलेला असावा आणि जुनी कागदं एका पिशवीत असावीत. आमच्याकडे आईने सगळ्या चिठ्ठ्या रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या होत्या. तो डबाच उचलून दिला.

गणपतींचं असं झालं. भावकीबाहेरच्या माणसाने उत्तरपूजा करून विसर्जन करायचं, असं भटजींनी सांगितलं. माझा नवरा, आत्याचे यजमान आणि पलीकडच्या वाडीतले तिघे-चौघे, अशांनी उजाडायच्या आत चौदा घरं घेतली. अक्षता, दहीभाताचा नैवेद्य, आणि मूर्ती डोक्यावर घेऊन व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर. ढोल नाही, 'पुढच्या वर्षी लवकर या' हेही पुटपुटल्यासारखंच. माझा सहा वर्षांचा मुलगा हमसून रडत होता आणि त्याला आजीचं दुःख झालंय असं समजून सगळे जवळ घेत होते. तो गणपतीसाठी रडत होता.

काकीच्या सुनेचा ओवसा राहिला. काकी आमच्याकडे तांदूळ, साखर, चहापूड घेऊन आली, सगळं केलं, पण दोन दिवस आईशी एक शब्द बोलली नाही. मला वाटतं तेवढा हक्क तिला होता.

धाकटीचा एक प्रसंग लिहायलाच हवा. नववा महिना भरत आलेल्या बाईने प्रेताजवळ थांबू नये, तिला मागल्या दाराने काकीकडे न्या, असं बायका म्हणत होत्या. ती हलायला तयार नव्हती. आईने कोणाशी वाद घातला नाही. आजीच्या पायथ्याशी पाट ठेवला, धाकटीला हाताला धरून त्यावर बसवलं आणि स्वतः तिच्या आणि बायकांच्या मध्ये बसली. आजीच्या घोट्यावर जुनं गोंदण होतं, हिरवट पडलेलं. उचलायची वेळ होईपर्यंत धाकटीचा अंगठा त्या गोंदणावरून फिरत होता.

दहनाला पाऊस होताच. पावसाळ्यात खरी अडचण सुक्या लाकडाची. बाबांनी मे महिन्यातच आंब्याचं लाकूड मांगरात रचून ठेवलं होतं. कशासाठी, ते आम्ही विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद. सोमवारी, १ सप्टेंबरला, बाबा आणि भाऊ अस्थी घेऊन समुद्रावर गेले आणि मी ग्रामपंचायतीत. आमच्याकडे लग्न झालेल्या नातीला दहा दिवसांचं सुतक नसतं, त्यामुळे बाहेरची सगळी कामं आपोआप माझ्याकडे आणि नवऱ्याकडे आली. हे बरंच झालं. ज्यांना विधींना बसायचंय त्यांच्यावर कागदांचं ओझं टाकू नये, भाची-जावई-नाती कोणीतरी एकाने ते अंगावर घ्यावं.

खेडेगावात जन्म-मृत्यूचा निबंधक म्हणजे ग्रामसेवक. आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक ग्रामसेवकच म्हणतात. एकाकडे दोन-तीन गावं असतात, म्हणून कुठल्या वारी येतात ते आधी विचारा. नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क नाही. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, मग वर्षभरापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. सुतक फिटल्यावर जाऊ, मग पितृपक्ष आहे, मग दसरा, असं करता करता २१ दिवस सहज जातात. आम्ही नमुना २ भरला, मी तो घरी नेऊन बाबांची सही आणली, सोबत आजीचं आणि बाबांचं आधार, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

इथे खरी गाठ होती ती नावाची. आजीचं नाव आधारवर एक, बँकेच्या पासबुकात थोडं वेगळं, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या घरगुती नावासकट तिसरंच. ग्रामसेवक समजूतदार होते. म्हणाले, आधारप्रमाणे लिहू, बाकी ठिकाणी 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र द्या. तसंच केलं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कागदं त्यांच्या हयातीत एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. दाखल्याच्या पाच प्रती घेतल्या. पहिली प्रत मोफत, पुढच्यांचं किरकोळ शुल्क. पाचही लागल्या.

परतीची तिकिटं रद्द केली. रजा वाढवताना कार्यालयाने विचारलं, आजी जवळची होती का. मी उत्तरात फक्त तेराव्याची तारीख कळवली.

गुरुवारी रात्री धाकटीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तारखेला अजून दोन आठवडे होते. सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर १०२ किंवा १०८ ची गाडी मोफत येते. आमचं नाव कणकवलीला खाजगी ठिकाणी घातलेलं होतं, म्हणून गावातलीच गाडी केली. पावसात सव्वा-दीड तास. आईला सुतक होतं, तिने जावं की नाही यावर घरात कुजबुज सुरू झाली, तेवढ्यात आई पिशवी घेऊन गाडीत बसलीसुद्धा. शुक्रवारी, ५ तारखेला सकाळी सातच्या आसपास मुलगी झाली. वजन दोन किलो चारशे ग्रॅम, काचेत ठेवावं लागलं नाही. बिल अठ्ठावीस हजार झालं.

गावात बातमी पोचली तेव्हा काकीने पहिल्यांदा आमच्याकडे मोकळेपणी तोंड उघडलं, "गिराणाच्या आधी सुटली, बरां झालां." रविवारी, ७ तारखेला खग्रास चंद्रग्रहण होतं. गरोदर बाईने ग्रहणात काय काय करू नये याची यादी वाडीतल्या बायकांनी आठवडाभर आधीच पाठ करून ठेवली होती, ती वाया गेली.

तोच रविवार आजीच्या दहाव्याचा. ग्रहण रात्री दहाच्या सुमारास लागणार, पण वेध दुपारी एकपासून. त्यामुळे पिंडदान, जेवण सगळं त्याआधी आटपायचं होतं. कावळा लवकर शिवला. भटजींनी घड्याळाकडे बघून "आजी समजूतदार" असं म्हटलं, तेव्हा त्या दहा दिवसांत बाबा पहिल्यांदा हसले. दहाव्यापासून तेराव्यापर्यंतची सामग्री आणि दक्षिणा मिळून अकरा हजार गेले, तेराव्याच्या जेवणाचे निराळे. ते जेवण वाडीतल्या बायकांनीच रांधलं, म्हणून आचाऱ्याचे पैसे वाचले.

९ तारखेला बाळाची पाचवी आणि आजीचं बारावं एकाच दिवशी. बाळाचं सोयर तिच्या वडलांच्या घराला, रत्नागिरीला, आजीचं सुतक आमच्या घराला. कोणी कोणाकडचं पाणी प्यायचं यावर दोन्हीकडचे जाणकार फोनवर इतके बोलले की शेवटी आईने सांगून टाकलं, पोरगी कणकवलीहून तेराव्यानंतरच घरी येईल, तोवर तिथल्या मामेबहिणीकडे राहील. तिथेच अळिवाचे लाडू, शेक, उकड्या तांदळाची पेज, सगळं झालं. सगळ्यात शहाणा निर्णय, आणि तो कुठल्याच पंचांगात नव्हता.

जन्माच्या नोंदीबद्दल दोन गोष्टी. एक, नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. आमच्या गावी नाही, सासरीही नाही, कणकवलीत. रुग्णालयच माहिती पाठवतं, पण त्यांचा फॉर्म तुम्ही वाचल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. धाकटीचं नाव त्यावर माहेरच्या आडनावाने पडलं होतं, कारण केसपेपर तसा होता. आजीच्या तीन नावांतून नुकतेच बाहेर पडलो होतो, म्हणून लगेच आधारप्रमाणे करून घेतलं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा आई-वडलांच्या नावांची अक्षरं मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे तपासा. दुसरी गोष्ट, बाळाचं नाव ठरलं नसेल तरी अडत नाही. नाव मोकळं ठेवून नोंद होते आणि एक वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आमच्या उपयोगी पडलं, कारण बाराव्या दिवशी पितृपक्ष होता. सासरच्यांनी बारसं दसऱ्यानंतर ठेवलं. आजीचं नाव बाळाला ठेवावं असं निम्म्या घराचं म्हणणं होतं. धाकटीने ऐकून घेतलं आणि वेगळं ठेवलं.

तेराव्यानंतर बँक. आजोबा मुंबईत गिरणीत होते, त्यांच्यामागे आजीला भविष्यनिर्वाह निधीची महिना हजार रुपये विधवा पेन्शन यायची. पेन्शनर गेल्याचं बँकेला लवकर कळवा, नाहीतर पुढची रक्कम जमा होत राहते आणि नंतर परत करायची कटकट. आम्ही वेळेत कळवलं, सप्टेंबरची जमा झालीच नाही. खात्याला बाबांचं नामनिर्देशन होतं. दावा अर्ज, मृत्यू दाखला, पासबुक, बाबांची ओळखपत्रं दिली. कागद पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत निकाली काढायचं बंधन बँकेवर आहे. आमचं त्याच्या आत झालं. नामनिर्देशन असलं म्हणजे पैसा एकट्याचा होत नाही, हे बाबांना माहीत होतं. त्यांनी आत्यांना आणि काकांना हिशेब दाखवला. बारीकशी रक्कम होती, ती तेराव्याच्या खर्चात धरली. रेशनकार्डावरून नाव कमी करायला तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज दिला, ते विशेष काही नाही.

सगळ्यात लांब चाललं ते वारस नोंदीचं. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, गुंठ्यांपेक्षा नावं जास्त. आजीचं नाव सामायिकात होतं. अर्ज ई-हक्क या महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून करता येतो. मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ (खातेउतारा), सर्व वारसांची नावं-पत्ते आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र लागतं. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी बाहेरचा टंकलेखक पाचशेचा स्टँप घ्या म्हणालाच. शांतपणे नको म्हणा. अर्जानंतर तलाठी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरतात, नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. आमची एक आत्या सुरतेला, तिची नोटीस पोचायला वेळ लागला. डिसेंबरमध्ये नोंद मंजूर झाली.

वारसांत बाबा, काका आणि दोन्ही आत्या अशी चारही नावं लागली. तेराव्याच्या पंगतीत कोणीतरी म्हणालं होतं, आत्या आल्याच आहेत तर हक्कसोडही उरकून घ्या. हे होऊ देऊ नका. वारस नोंद आणि हक्कसोडपत्र ही दोन वेगळी कामं आहेत, एकासाठी दुसरं थांबत नाही. हक्कसोडीला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते आणि देणाऱ्याची राजीखुशी लागते. ती आईच्या पिंडाला नुकताच नमस्कार करून उठलेल्या बाईकडे मागायची नसते. बाबांनी तिथल्या तिथे सांगितलं, नावं सगळ्यांची लागतील. पुढे कोणाला काय करायचंय ते ज्याचं त्याने बोलावं. सुरतेची आत्या अजून काही बोललेली नाही. मेमध्ये आंब्याला येणार आहे.